खुणा जागच्या जागीच होत्या

कऱ्हाडला तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, मी कळ दाबली आणि भोंगा वाजला.

भोंगाच म्हणायचा त्याला. खरं तर त्या जागी इतका मऊ सूर यायला हवा होता की तो सुरू कधी झाला हे प्रेक्षकांना कळूच नये. स्टेजवर सुनेत्राबाई नवरे एकट्या बसलेल्या, मांडीवर रिकामं दुपटं. नाटकात त्यांचं बाळ गेलेलं असतं आणि त्या दुपट्यालाच त्या अंगाई म्हणतात. माझ्या सुरात सूर मिसळायचा आणि हळूच सुरुवात करायची, असं ठरलेलं. त्या भोंग्यानं बाई दचकल्या. त्यांचा सूर वर लागला, दुसऱ्या ओळीला चिरकला, आणि पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी विंगेत माझ्याकडे एकदाच पाहिलं. ती नजर मला आजही आठवते.

मध्यंतरात निर्माते अण्णा धामणकर विंगेत आले. आवाज चढवायची त्यांची पद्धत नव्हती.

"लाटकर, काय होतं ते?"

"बघतो अण्णा. दुपारी चेक केलं तेव्हा ठीक होतं."

"दुपारी तिकिटं काढून कोण बसलं होतं?" ते म्हणाले. "हे बघा, पुन्हा एकदा असं झालं की तुमचं ते डबडं गुंडाळायचं. आरोंदेकर मास्तर आहेतच. ऐंशी प्रयोग त्यांनी पेटीवर काढलेत, पुढचेही काढतील."

मी मान हलवली. पण माझ्या डोक्यात एकच नाव अडकून बसलं. आरोंदेकर मास्तर.

मी मुळात संशयी माणूस. आमची आई म्हणायची, ह्याला दुधाचा पेला दिला तर हा आधी दुधाचा वास घेईल आणि मग आईच्या तोंडाकडे बघेल. बायको म्हणते, आई कमीच बोलली. तर अशा माणसाला अण्णांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं की मी गेलो तर फायदा कुणाचा.

आता माझ्या त्या डबड्याबद्दल सांगायला हवं. विंगेतल्या टेबलावर दोन वस्तू असायच्या. एक लॅपटॉप. त्यात सिंथेसायझर, पण लोखंडाचा नाही, नुसता प्रोग्राम. सगळे आवाज त्याच्या पोटात. दुसरी वस्तू म्हणजे कंट्रोलर, तीन सप्तकांची छोटी पट्टी आणि वरच्या अंगाला आठ नॉब. कंट्रोलरला स्वतःचा आवाज नाही. तो फक्त हुकूम सोडतो, अमुक कळ दाबली, तमुक नॉब इतका फिरला, आणि लॅपटॉप ते ऐकतो. प्रत्येक प्रसंगासाठी मी एकेक प्रीसेट करून ठेवला होता. तिखट किती, मीठ किती सगळं ठरवून वाटण करून ठेवावं, तसं. तीन आठवडे घरी बसून केलेलं काम होतं ते. प्रीसेट उघडला की आवाज हुकमी तयार. नॉब फिरवायची वेळच यायची नाही, आणि मी फिरवतही नसे. अंगाईच्या सुराला तर मी नॉबला बोटसुद्धा लावायचो नाही.

म्हणजे प्रीसेट बिघडला असेल तर तो कुणीतरी बिघडवला असणार. आपोआप वाटणात मीठ पडत नाही.

कऱ्हाडला प्रयोग संपल्यावर मी तोच प्रीसेट पुन्हा उघडला. सूर लोण्यासारखा. म्हणजे मूळ मांडणीला धक्का नव्हता. दुपारच्या चेकनंतर आणि तिसऱ्या घंटेच्या आधी कुणीतरी येऊन नुसता उघडा असलेला आवाज हलवून गेलं होतं. नाटकातले बाकीचे अकरा आवाजही बिनचूक वाजले होते. गडबड फक्त पहिल्याची, कारण त्यानंतर मी टेबल सोडत नाही. करणाऱ्याला हे नेमकं ठाऊक होतं.

आरोंदेकर मास्तर साठीचे, सावंतवाडीकडचे, बारीक अंगाचे. मी येण्याआधी नाटकाचं सगळं संगीत ते पेटीवर वाजवायचे. मग अण्णांच्या डोक्यात आलं की नव्या जमान्याचा आवाज पाहिजे, आणि इचलकरंजीहून मला बोलावलं. मास्तरांकडे दुसऱ्या अंकातलं एक भजन तेवढं उरलं. समोरच्या विंगेत ते पेटी घेऊन बसायचे, भजन वाजवायचे आणि प्रयोग संपेपर्यंत तिथंच हात जोडून बसून राहायचे. कधी कुरकुर नाही. मला ह्याच गोष्टीचा जास्त संशय यायचा. माणसाचं ताट समोरून उचललं तर तो काहीतरी बोलेल की नाही?

आणि बोलणं सोडा, त्यांनी मला भेट दिली होती. कऱ्हाडच्या आदल्या दिवशी साताऱ्याला प्रयोग झाला, सुंदर झाला, आणि मास्तर माझ्याकडे आले. हातात पिवळं फडकं, चांगल्या मऊ फ्लॅनेलचं, कडेनं शिवलेलं.

"लाटकर, हे ठेवा. सुनेनं दोन शिवली, एक तुमचं."

"कशाला मास्तर?"

"वाद्य पुसल्याशिवाय वाजवायला बसू नये. तुमचं वाद्य वेगळं, पण वाद्यच ते. रोज पुसा, नमस्कार करा, मग वाजवा. सवय लावून घ्या."

मला बरं वाटलं होतं तेव्हा. कुणी थोरल्या माणसानं माझ्या त्या प्लॅस्टिकच्या पट्टीला वाद्य म्हटलं नव्हतं. मी सवय लावून घेतली. घंटेआधी डोळे मिटून पट्टीवरून, नॉबवरून फडकं फिरवायचं, कपाळाला हात लावायचा. कळा दाबल्या जायच्या पण आवाज बाहेर यायचा नाही, कारण आमचा साऊंडवाला इब्राहिम माझं चॅनेल तिसऱ्या घंटेपर्यंत बंद ठेवायचा.

कऱ्हाडनंतर मात्र मला ते फडकंही वेगळं दिसायला लागलं. आदल्या दिवशी भेट आणि दुसऱ्या दिवशी घात. वा रे मास्तर.

सांगलीला मी बंदोबस्त केला. मेकअपवाल्याकडून पांढरा रंग आणला आणि आठही नॉबच्या टोकासमोर पट्टीवर एकेक बारीक रेघ मारली. नॉब कुणी फिरवला तर रेघ चुकणार. लॅपटॉपला पासवर्ड घातला. मुलीचं नाव, ऋजुता. इब्राहिम बघत होता.

"शेठ, बँक उघडताय काय?"

"कुणीतरी हात घालतंय माझ्या सामानात."

"कोण घालणार? इथं कुणाला कळतंय त्यातलं?"

"कळत नसेल तरच बिघडवता येतं," मी म्हटलं.

घंटेआधी मी जागेवर आलो. पासवर्ड टाकला. रेघा बघितल्या, आठच्या आठ जुळत होत्या. टेबलाच्या कोपऱ्यावर रोजच्यासारखं एक जास्वंदीचं फूल होतं. पडद्यामागं पूजा होते, तिथलंच कुणीतरी ठेवत असेल, असं मी धरून चाललो होतो. फडकं फिरवलं, नमस्कार केला. घंटा. पडदा. कळ दाबली.

भोंगा.

ह्या वेळी बाईंनी स्वतःला सावरलं. त्यांनी सूर माझ्याकडून घेतलाच नाही, आपल्या मनाचा लावला आणि अंगाई पूर्ण केली. पण अंक संपल्यावर त्या मेकअपसह माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"लाटकर, तुम्हाला मुलगी आहे ना?"

"हो, बाई."

"तिला झोपवताना तिच्या कानाशी कुणी ट्रकचा हॉर्न वाजवला तर तुम्ही काय कराल?"

मी खाली बघितलं. खाली पट्टी होती आणि पट्टीवरच्या रेघा. आठही नॉब जागच्या जागी. केसभर इकडंतिकडं म्हणाल तर म्हणा, पण डोळ्याला जुळलेले. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर फिल्टर सताड उघडा. फिल्टर म्हणजे आवाजाची खिडकी समजा. मी ती थोडीशीच किलकिली ठेवली होती. नॉब फिरवलेला नाही आणि खिडकी तर उघडी, म्हणजे कुणीतरी थेट लॅपटॉपवरूनच उघडलीय. म्हणजे पासवर्ड कुणाला तरी माहीत आहे.

अण्णा लांबूनच म्हणाले, "इचलकरंजी. तिथं शेवटचं बघणार."

इचलकरंजी माझं गाव. आई प्रयोगाला यायची होती. गावातली माणसं येणार होती, लाटकरांचा पोरगा नाटकात वाजवतो म्हणून. तिथं जर माझ्या जागी मास्तर पेटी घेऊन बसले असते, तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मला रडूच यायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

बसमध्ये मास्तर नेमके माझ्या शेजारी येऊन बसले. पेटी पायाशी, तिच्यावर त्यांचं पिवळं फडकं.

"जेवला नाहीत तुम्ही," ते म्हणाले.

"भूक नाही."

"होतं असं. नव्या वाद्याचा स्वभाव कळायला वेळ लागतो. माझ्या पहिल्या पेटीचा एक सूर पावसाळ्यात बोलायचाच नाही."

"ह्याला पावसाळा नसतो मास्तर. ह्याला माणसं असतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग विषय बदलावा म्हणून असेल, विचारलं, "ऋजुता कशी आहे?"

ऋजुता. म्हणजे ह्यांना नाव माहीत आहे. मीच कधीतरी पुण्यात सांगितलं होतं बोलता बोलता, तिच्या पहिल्या वाढदिवसाला. आणि आता हा माणूस पासवर्ड तोंडावर म्हणून दाखवतोय, असं मला वाटलं. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, तसं.

"बरी आहे," मी म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं. इचलकरंजी येईपर्यंत मी मागं वळलो नाही.

दुपारी चेक झाला. सूर जागेवर. मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आलोच घरी जाऊन, आईला घेऊन येतो." दारातून बाहेर पडलो, मागच्या दारानं आत आलो आणि नेपथ्याच्या फळीमागं उभा राहिलो. पाऊण तास उभा होतो. पायाला मुंग्या आल्या. एका फटीतून माझं टेबल दिसत होतं. स्टेज झाडून झालं, लाइटवाला शिडी घेऊन गेला, कुणीही टेबलाकडे फिरकलं नाही. मला वाटलं, आज करणार नाही. सावध झालाय.

मग मास्तर आले. इकडं तिकडं बघत, स्टेज ओलांडून, माझ्या विंगेत. टेबलापाशी थांबले. खाली वाकले आणि उजवा हात माझ्या कंट्रोलरवर ठेवला.

मी फळीमागून बाहेर आलो आणि त्यांचं मनगट धरलं.

"सापडलात."

ते इतके दचकले की हातातलं फूल खाली पडलं. जास्वंद.

"काय करताय माझ्या सामानाला?"

"काय नाय ओ. नमस्कार केला."

"हात लावून?"

"नमस्कार हात लावूनच करतात ना, लाटकर."

"आणि फूल?"

"रोज ठेवतो. साताऱ्यापासून."

"साताऱ्यापासून," मी म्हटलं. "बरोबर. तेव्हापासूनच बिघडतंय."

आवाज ऐकून माणसं गोळा झाली. अण्णा आले, सुनेत्राबाई अर्ध्या मेकअपमध्ये आल्या. मी त्यांच्यासमोर सगळं मांडलं. वकिलासारखं मांडलं, अगदी क्रमानं. फक्त पहिलाच सूर बिघडतो. दुपारनंतर बिघडतो. नॉबच्या खुणा जागेवर असतात, म्हणजे लॅपटॉपवरून करतात. पासवर्ड मुलीच्या नावाचा, आणि ते नाव ह्यांना पाठ आहे. मी गेलो तर जागा ह्यांना मिळणार. आणि आज हे हात घालताना सापडले.

"का केलंत मास्तर?" मी विचारलं. "कुणाच्या सांगण्यावरून? किती दिवस चाललंय?"

मास्तर अण्णांकडे बघत होते. "मला तो लॅपटॉप उघडतासुद्धा येत नाही, अण्णा. तुम्हाला माहीत आहे."

अण्णांना ते माहीत होतं, पण शंभरावा प्रयोग तोंडावर आला होता आणि त्यांना कुठल्यातरी बाजूनं निकाल लावायचा होता. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही काही दिवस घरी जा. विश्रांती घ्या. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय ते नाटकातल्या सगळ्यांना कळतं.

"आणि भजन?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"माझ्याकडे पेटीचा आवाज आहे," मी म्हटलं. मास्तर तिथंच उभे होते, तरी म्हटलं. "मी वाजवतो."

मास्तर समोरच्या विंगेत गेले, पेटीला खोळ घातली. मला तेवढ्यानं समाधान झालं नाही. मी खिशातलं फडकं काढलं आणि त्यांच्या पेटीवर टाकलं.

"हेही न्या. तुमचं आमच्याकडे काही नको."

त्यांनी ते उचललं, झटकलं, चार पदरी घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. जाताना म्हणाले, "सूर बरा लागो तुमचा."

त्या दिवशी पडदा वर गेला, कळ दाबली आणि सूर आला तो असा आला की बाईंनी डोळे मिटले. प्रेक्षागृहात कुणी खोकलंही नाही. भजनही मीच वाजवलं, लॅपटॉपमधल्या पेटीवर. टाळ्या पडल्या. प्रयोगानंतर अण्णांनी पाठ थोपटली. सुनेत्राबाई मात्र मेकअप उतरवताना आरशातूनच म्हणाल्या, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असंही असू शकतं लाटकर."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला बाई," मी म्हटलं. "माणूस गेला, दुखणं गेलं."

बाहेर आई रिक्षात बसली होती.

"छान वाजवलास," ती म्हणाली. "तो पेटीवाला कोण रे? मी आले तेव्हा गेटपाशी पेटी खाली ठेवून उभा होता. आत ये म्हटलं तर आला नाही. पडदा उघडून तुझा पहिला सूर बाहेर ऐकू आला, तेव्हा कुठं गेला, असं दारातल्या माणसानं मला मागून सांगितलं."

मला काय वाटलं सांगू? आपला डाव अजून चालतोय का ते बघायला थांबला असणार. असंच वाटलं मला.

त्यानंतर एकशे चाळीस प्रयोग केले. एकदाही सूर बिघडला नाही. मास्तर परत आले नाहीत, कुणी बोलावलंही नाही. टेबलावरचं फूलही बंद झालं, पण त्याचं मला काय. नाटक बंद पडल्यावर मी गावात परतलो आणि कीबोर्डचे वर्ग सुरू केले. पोरांना ही गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली. संगीतात माणसं कशी असतात, डोळे कसे उघडे ठेवायचे, आणि मी चोर कसा पकडला. रंगवून सांगायचो.

नऊ वर्षांनी खंडेनवमी आली. दरवर्षी मी वर्गातली वाद्यं पुसून मांडतो, हार घालतो. त्या वर्षी एक शिकाऊ बाई, वैजयंती मुसळे, बँकेतून निवृत्त झालेल्या, लवकर येऊन सरावाला बसल्या होत्या. लॅपटॉप चालू, स्पीकर चालू, एक मऊ बासरीसारखा प्रीसेट लावलेला.

"बाई, जरा उठा. पुसून घेतो," मी म्हटलं, आणि बायकोचं जुनं सुती फडकं त्यांच्या कंट्रोलरवरून फिरवलं. कळा दाबल्या जाऊन कोंकों असा आवाज झाला, आम्ही हसलो. मी हार घातला. बाई पुन्हा बसल्या आणि कळ दाबली.

भोंगा वाजला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "सर, तुम्ही काय केलंत?"

"मी कुठं काय केलं?"

"पुसलंत ना आत्ता. ते बटण हललं असेल."

"हललं असेल तर केसभर हललं असेल. केसभरानं एवढा आवाज बदलत नाही."

असं म्हटलं आणि तिथंच थांबलो. कारण माझ्या तोंडातून निघालं त्यातच सगळं होतं. नॉब केसभर हलला. पण नॉब मुळात कुठं उभा होता? प्रीसेट बदलला की लॅपटॉपमधले आकडे बदलतात, पट्टीवरचा नॉब बिचारा जिथं होता तिथंच राहतो. प्रीसेट म्हणतो खिडकी किलकिली ठेव, नॉब मात्र सामान भरताना पिशवीत फिरून सताड उघडा उभा. हात लावला नाही तोवर दोघांचं भांडण नाही. केसभर हलवला की तो ओरडून सांगतो, मी इथं आहे, आणि लॅपटॉप मुकाट्यानं त्याचं ऐकतो. हे मला नऊ वर्षांपूर्वीही माहीत होतं. म्हणूनच तर मी नॉबला हात लावत नव्हतो. फक्त फडकं फिरवत होतो. रोज. डोळे मिटून. चॅनेल बंद असताना.

मी खाली बसलो. साताऱ्याला फडकं मिळालं, कऱ्हाडला सूर बिघडला. इचलकरंजीला फडकं परत फेकलं, सूर सुधारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या दिवशी माझ्या टेबलावरून तीन गोष्टी गेल्या, मास्तर, फूल आणि फडकं, आणि मी त्यातली मला हवी ती एक धरून बसलो.

"सर, बरं वाटत नाही का?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आरोंद्याला गेलो. मास्तर ओसरीवर बसले होते, सत्तरीला टेकलेले, डाव्या कानाला यंत्र. मला त्यांनी लगेच ओळखलं. "लाटकर ना? ऋजुता कितवीत गेली?" सुनेनं कोकमाचं सरबत आणून दिलं.

मी सगळं सांगितलं. नॉब, प्रीसेट, फडकं, सगळं. शेवटी म्हटलं, "मास्तर, चूक माझी होती. तुमचा काही दोष नव्हता. मी तुम्हाला चोर ठरवलं आणि नऊ वर्षं गावभर सांगत हिंडलो. मला माफ करा."

त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"म्हणजे माझ्या हातानं नाही झालं?"

"नाही मास्तर."

"मी गेटपाशी थांबलो होतो त्या दिवशी. सूर बरोबर लागला. मला वाटलं, म्हणजे आपणच हात लावून बिघडवत होतो. नकळत. लाटकर खरं बोलले. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या वाद्याला हात लावून नमस्कार केला नाही. लांबूनच करतो."

मला त्यांच्याकडे बघवेना. ते उठले, आतून पेटी आणली आणि तिच्यावरची खोळ काढली. खोळीत दोन पिवळी फडकी होती, एक विटलेलं, झिजलेलं, एक जवळजवळ कोरं. कोरं त्यांनी मला दिलं.

"दाखवा बघू, कसं पुसत होतात."

मी पट्ट्यांवरून फडकं फिरवलं. पेटी गप्प.

"थांबा," म्हणत त्यांनी खिट्टी काढली, भाता सोडला आणि डाव्या हातानं हवा भरली. "आता पुसा."

मी पुसलं. पेटी केकाटली. आतून सून डोकावून गेली.

"भाता बंद करूनच पुसायचं असतं," मास्तर म्हणाले. "चालू वाद्य कुणी पुसत नाही. साताऱ्याला हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, हे काय सांगायचं. तुमचं ते बंद करून पुसलं असतं, मग उघडलं असतं, तर झालंच नसतं ना काही?"

"नसतं झालं."

"एका वाक्याचं काम होतं."

"हो मास्तर."

त्यांनी भाता मिटला, खिट्टी लावली.

"त्या दिवशी तुम्ही मला पुष्कळ विचारलंत," ते म्हणाले. रागावून नाही, आठवून आठवून म्हणाले. "का केलंत, कुणाच्या सांगण्यावरून, किती दिवस चाललंय. आवाज कसा बिघडत असेल, एवढं मात्र विचारलं नाहीत."

मग त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, चार पदरी घडी घातली आणि ते माझ्या खिशात ठेवलं.